योना का रागावला?



बायबल उघडले की आपण बहुधा आपल्यापुरते वचन शोधतो. आजारपणात धीर देणारे, मुलांच्या परीक्षेच्या वेळी बळ देणारे. त्यात गैर काही नाही. परंतु बायबलची स्वतःची एक वाट आहे. उत्पत्तीच्या बाराव्या अध्यायात परमेश्वर अब्राहामाला आशीर्वाद देतो, तो पृथ्वीवरील सर्व कुळांसाठी. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही १९६५ साली ‘आद जेंतेस’ या दस्तऐवजात सांगितले की, मिशनकार्याचा उगम ख्रिस्तसभेत नसून पिता आपल्या पुत्राला व पवित्र आत्म्याला पाठवतो, त्या पाठवण्यात आहे. देव सर्वांकडे निघालेला आहे हे मनात ठेवून वाचू लागलो की काही पाने जड जातात. योनाचे पुस्तक त्यांतलेच.

चारच अध्याय. धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांना मासा तेवढा लक्षात राहतो (मोठ्यांचेही फारसे वेगळे नाही!). मासा दोन-तीन वचनांपुरताच आहे. खरी गोष्ट आहे ती योनाच्या रागाची. निनवे ही अश्शूरी लोकांची नगरी. त्यांच्याच साम्राज्याने इ.स.पूर्व ७२२ च्या सुमारास इस्राएलचे उत्तरेकडील राज्य बुडवले. जिंकलेल्या लोकांचे हाल अश्शूरी राजे महालाच्या भिंतींवर अभिमानाने कोरून ठेवत. लाखीश शहराच्या पाडावाची निनवेत सापडलेली शिल्पे लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. अशा नगरीकडे देव योनाला पाठवतो आणि योना उलट दिशेच्या गलबतात बसतो. का, ते चौथ्या अध्यायात तो स्वतःच सांगतो. देव दयाळू आहे, तो यांनाही क्षमा करील, हे त्याला ठाऊक होते!

योनाला हसणे सोपे आहे. मला त्याचा राग खरा वाटतो. ज्याचे घर जळाले त्याने विचारावे, जाळणाऱ्याला माफ करणारा देव माझा कोण? क्षमेची भाषा बहुधा ज्याचे काही गेलेले नसते तोच मोठ्याने बोलतो. देवही योनाला गप्प करीत नाही, प्रश्न विचारतो. उजवा-डावा न कळणारी एक लाख वीस हजारांहून अधिक माणसे आणि पुष्कळ गुरेढोरे त्याच्यापुढे ठेवतो. योनाचे उत्तर पुस्तकात नाही. दर तीन वर्षांनी रविवारी योनाचे वाचन असते, पण ते निनवे वाचली तेथेच थांबते. चौथा अध्याय घरीच वाचावा लागतो.

निनवेचे अवशेष आजच्या इराकमधील मोसूल शहरात आहेत. जुलै २०१४ मध्ये आयसिसने तेथील ख्रिस्ती घरांवर अरबी ‘नून’ अक्षर लिहून लोकांना हाकलले. योनाची कबर जेथे आहे असे मानतात, ती नबी युनूस मशीदही सुरुंगाने उडवली. ७ मार्च २०२१ रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्याच शहरात पडक्या चर्चच्या मधोमध प्रार्थना केली.

त्या भागातील खाल्डियन व सिरियाक ख्रिस्ती बांधव प्रायश्चित्तकाळापूर्वी तीन दिवस निनवेकरांचा उपास पाळतात. केरळातील सिरो-मलबार बांधवांतही ही प्रथा आहे. या उपासात ते योनाच्या जागी उभे राहत नाहीत. ते निनवेकर होतात. एका परक्या, मनातून नाखूश माणसाने ज्यांच्यापर्यंत देवाचा शब्द आणला ते लोक. दारावर ‘नून’ लिहिले गेल्यावर पुढच्या वर्षी तो उपास त्यांनी कोणत्या मनाने धरला असेल?