सरासरीकडे ओढलेले मूल

फ्रान्समधील गेनो द माँबेयार या सरदाराने १७५९ साली जन्मलेल्या आपल्या मुलाची उंची सहा-सहा महिन्यांच्या सुमाराने १७७७ पर्यंत मोजून ठेवली, आणि विख्यात निसर्गशास्त्रज्ञ ब्यूफाँ याने ती टिपणे आपल्या ग्रंथात समाविष्ट केली, तेव्हा त्या पित्याला मुलाचे भविष्य वर्तवावयाचे नव्हते. डोळ्यांदेखत जे घडत होते त्याची इमानेइतबारे नोंद व्हावी, एवढाच त्याचा हेतू दिसतो. भाकिताचा मोह पुढचा. जन्मानंतरचा वेग झपाट्याने ओसरत जातो आणि नंतर वाढ जवळजवळ सरळ रेषेत चालते, हे दोन्ही गुण १९३७ साली रेचेल जेन्स व नॅन्सी बेली यांनी एकाच समीकरणात गोवले. त्यातले चार अंक ठरले की शाळेच्या वयापर्यंतची वक्ररेषा समोर उभी राहते. आणि अशी रेषा एकदा कागदावर उमटली म्हणजे ती आजच्या तारखेपाशी थांबवण्याइतका संयम थोड्यांच्याच अंगी असतो.

अलीकडची संख्याशास्त्रीय प्रतिमाने याच कल्पनेची वंशज होत. त्यांत प्रत्येक मुलाला स्वतःची वक्ररेषा असते, परंतु ती सर्वांच्या सामाईक रेषेपासून कितपत ढळू शकते याचाही हिशेब मांडलेला असतो; ज्याच्या नोंदी विपुल, त्याचे अनुमान मुख्यतः त्याच्याच नोंदींवर बेतले जाते, आणि ज्याच्या तुटपुंज्या, त्याचे अनुमान समूहाच्या सरासरीकडे ओढले जाते. गणिताच्या दृष्टीने ही तजवीज उत्तम आहे, आणि एखाद्या मुलाची रेषा उतरणीला लागताच डॉक्टरला सावध करण्याचे तिचे सामर्थ्य मी नाकारीत नाही. परंतु एकंदर चूक घटल्याने प्रत्येक मुलाला न्याय मिळतोच असे नाही, आणि माझा आक्षेप नेमका येथे आहे.

कारण नोंदी तुटपुंज्या असतात त्या कोणाच्या? बीड जिल्ह्यातील ऊसतोडीचे बिऱ्हाड दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळीबरोबर साखर कारखान्याकडे निघते ते मार्च-एप्रिलच्या सुमारास गावी परतते. मधल्या काळात त्या घरच्या अर्भकाचे नाव गावच्या अंगणवाडीच्या दप्तरात असते आणि ते अर्भक मात्र कडाक्याच्या थंडीत कोपीत असते, आई पहाटेच फडात गेलेली असते आणि त्याला सांभाळणारी बहीण स्वतःच सात-आठ वर्षांची असते. नोंद चुकण्याचे आणि वाढ खुंटण्याचे कारण येथे एकच आहे. प्रतिमान मात्र बहुधा असे गृहीत धरून चालते की, नोंद हुकली ती इतर माहितीवरून उलगडेल अशा कारणाने. त्यामुळे ते रिकाम्या महिन्यांवरून सरासरीची गुळगुळीत रेष ओढून मोकळे होते, आणि ज्याच्याविषयी आपल्याला सर्वांत कमी ठाऊक आहे तेच मूल कागदोपत्री सुखरूप ठरते.

मोजमापाची कथा निराळी नाही. दोन वर्षांखालील मुलाची लांबी निजवून घ्यावयाची असते: एकीने त्याचे डोके फळीच्या टोकाला टेकवून धरावयाचे, दुसरीने गुडघे हलकेच दाबून सरकती पट्टी तळपायांना भिडवावयाची, आणि मूल आकांत मांडून पाय झाडीत असता त्या निमिषात आकडा वाचावयाचा. हे दोघींचे काम. पण मदतनीस खिचडीपाशी गुंतली की सेविका ते एकटीच उरकते. दोन वर्षांनंतर मूल उभे करून मोजतात, आणि ती उंची निजवून घेतलेल्या लांबीपेक्षा सुमारे ०.७ सेंटिमीटर कमी भरते. कोणते माप कोणत्या रीतीने घेतले हे न लिहिल्यास निरोगी मूलही कागदावर आखडते. नवव्या ते बाराव्या महिन्यात सुदृढ मुलगा महिन्याला सव्वा सेंटिमीटरच्या आसपास वाढतो, तेव्हा एका सेंटिमीटरची गफलत बहुतेक महिन्याची वाढ गिळून टाकते. शिवाय इंग्रज शास्त्रज्ञ गाल्टनने १८८६ साली दाखवून दिलेला नियम येथेही लागू पडतोच: एका खेपेस अगदी खाली गेलेले माप पुढल्या खेपेस बहुधा सरासरीकडे सरकते, मग मधल्या काळात आहार मिळो वा न मिळो. कित्येक यशस्वी अहवाल केवळ या नियमाच्या कृपेवर उभे असावेत, अशी शंका मला येते.

तथापि सर्वांत खोल प्रश्न असा की, प्रतिमान घडवावयाचे ते कोणत्या मुलांवरून? अर्धपोटी मुलांच्या नोंदींवर बांधलेले सूत्र उपासमारीलाच निसर्गनियम समजते आणि त्याचे भाकीत खरेही ठरते. हा वाद महाराष्ट्राला परका नाही. सातारा जिल्ह्यातील बुध येथे जन्मलेले आणि रोमच्या अन्न व शेती संघटनेत दीर्घकाळ काम केलेले थोर संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी असे प्रतिपादन केले की, माणसाची ऊर्जेची गरज स्थिर नसून ती दिवसागणिक बदलते, शरीर काही मर्यादेत कमी अन्नाशी जुळवून घेते, आणि म्हणून सरासरी गरजेखाली खाणाऱ्या प्रत्येकाची गणना कुपोषितांत करणे गैर होय. अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकरांनी त्यांच्याशी वाद घातला. पुढे डेव्हिड सेक्लर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने ‘लहान पण निरोगी’ अशी कल्पना मांडली, तेव्हा पोषणतज्ज्ञ सी. गोपालन यांनी तिच्यावर कठोर टीका केली. सुखात्म्यांच्या गणितात तथ्य नव्हते असे म्हणणे उद्धटपणाचे होईल. परंतु प्रौढाचा रोजचा ताळेबंद वाढत्या मुलाला लावता येत नाही, कारण मूल कमी अन्नाशी जुळवून घेते ते वाढ थांबवूनच.

१९९७ ते २००३ या काळात जागतिक आरोग्य संघटनेने पेलोटस, अक्रा, दक्षिण दिल्ली, ओस्लो, मस्कत आणि डेव्हिस येथे, स्तनपान मिळालेली व सुस्थितीतील मुले निवडून मोजणी केली. त्यांच्या लांबीतील तफावतीपैकी अवघी ३ टक्के स्थळभेदामुळे होती, तर सुमारे ७० टक्के एकाच ठिकाणच्या मुलामुलांतील होती. ‘आमची मुले मुळातच ठेंगणी’ या समाधानाला त्यानंतर आधार उरलेला नाही, आणि या मोजणीवरून २००६ साली प्रसिद्ध झालेले तक्ते म्हणूनच मुलाने कसे वाढावे हे सांगतात. भाकीत सांगते ते मात्र आहे ती परिस्थिती तशीच राहिली तर काय होईल, एवढेच.

असे असता भाकिताचा उपयोग करणाऱ्या अंमलदारांना एकच विनंती करावीशी वाटते. प्रत्येक अनुमानाशेजारी ते किती मापांवर आधारलेले आहे हे लिहावे. ज्या मुलाची मापे नाहीत त्याच्या रकान्यात सरासरीचा आकडा भरू नये, तो रकाना रिकामाच दाखवावा, आणि ते बिऱ्हाड ज्या तालुक्यात तोडणीला गेले असेल तेथील अंगणवाडीला त्याच आठवड्यात कळवून ते मूल फळीवर निजवून मोजून घ्यावे.