चेहऱ्यातली कळ आणि पूर्वजन्मीचा हिशेब

ट्रायजेमिनल न्यूराल्जियाची कळ यायला फार काही लागत नाही. दात घासताना ब्रश हिरडीला टेकला, गालावरून वाऱ्याची झुळूक गेली, पाण्याचा घोट घेतला, एवढे पुरते. कळ विजेसारखी जबड्यातून गालात जाते, काही सेकंदांत थांबते, पुन्हा येते. रुग्ण आधी दातांच्या डॉक्टरकडे धावतो आणि कधी कधी चांगली दाढही काढून घेतो. दाढ जाते, कळ राहते. मग घरातले कोणी वडीलधारे म्हणतात, "गेल्या जन्मीचं काहीतरी असेल."

हे कोणी दुष्टपणाने म्हणत नाही. तरी ते तपासले पाहिजे.

मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या बारा जोड्यांपैकी ट्रायजेमिनल ही पाचवी. कपाळ व डोळा, गाल व वरचा जबडा, खालचा जबडा अशा तीन शाखांनी ती चेहरा व्यापते. आतले तंतू मात्र एका जातीचे नाहीत. स्पर्श नेणारे तंतू जाड, त्यांच्यावर मायलिन या स्निग्ध द्रव्याचे भरपूर थर. तीक्ष्ण वेदना नेणारे बारीक, पातळ वेष्टनाचे. ठसठस नेणारे सर्वांत बारीक. त्यांना मायलिन नाहीच, असे अनेक तंतू एकाच श्वान (Schwann) नावाच्या आधारपेशीच्या खोबणींत राहतात. त्यांचा संदेश सेकंदाला जेमतेम मीटरभर सरकतो, स्पर्शाचा पन्नासेक मीटर धावतो.

ही नस मेंदूच्या पॉन्स या भागात शिरते, तिथे एक नाजूक जागा आहे. बाहेरचे मायलिन श्वान पेशी बनवतात, मेंदूकडचे दुसऱ्याच पेशी. दोन्ही प्रकार इथे मिळतात. या ठिकाणी एखादी धमनी नसेला टेकून वर्षानुवर्षे ठोके देत राहिली, तर वेष्टन झिजते. उघडे पडलेले तंतू एकमेकांना भिडतात आणि एकाचा संदेश दुसऱ्यात शिरतो. झुळकेचा निरोप वेदनेच्या तंतूतून पोहोचतो. शस्त्रक्रियेत धमनी बाजूला सारून मध्ये टेफ्लॉनचा छोटा तुकडा ठेवला, की पुष्कळ रुग्णांची कळ थांबते.

श्रद्धाळू माणूस म्हणेल, धमनी टेकली तीही कर्मानेच. हा युक्तिवाद कोणत्याही कारणाच्या मागे एक पाऊल सरकू शकतो. तो खोटा ठरवता येत नाही, पण म्हणूनच त्यातून काही कळतही नाही.

दुःखाचे खापर पूर्वकर्मावर फोडायचे का, या प्रश्नाशी नागपूरचे नाते जवळचे आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथे, आजच्या दीक्षाभूमीवर, लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. मधुमेह आणि पायांच्या नसांचे दुखणे त्यांना स्वतःला होते. निधनानंतर १९५७ साली निघालेल्या 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथात त्यांनी पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त ठामपणे नाकारला. गरिबांच्या आणि खालच्या मानलेल्यांच्या दशेची जबाबदारी राज्याला आणि समाजाला टाळता यावी, याखेरीज त्या सिद्धान्ताचा दुसरा उपयोग त्यांना दिसला नाही. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या "हे तुमचंच कर्म" असे ऐकवले गेले, त्यांच्यासाठी हा तात्त्विक बारकावा नव्हता. जगण्याचा प्रश्न होता.

सगळे कर्मावर न ढकलण्याला पाली वाङ्मयातही आधार आहे. संयुत्त निकायात सीवक नावाचा परिव्राजक बुद्धाला विचारतो, सुखदुःखाचे सगळे अनुभव पूर्वकर्मामुळेच येतात, असे काही जण म्हणतात, ते खरे का? बुद्ध पित्त, कफ, वात, त्यांचा संयोग, ऋतुबदल, शरीराची हेळसांड, आघात अशी कारणे सांगतो. आठवे कारण कर्मविपाक, म्हणजे कर्माचे फळ. तेव्हा कर्म यादीत आहे, आणि ते झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे नाही. पण सगळे त्याच्यावर ढकलणारे चुकतात, हे तिथे स्पष्ट म्हटले आहे.

"मलाच का?" हा प्रश्न मायलिनच्या माहितीने मिटत नाही. धमनी नेमकी याच माणसाच्या नसेला का टेकली, याला शरीररचनेपलीकडे उत्तर नाही, आणि ते नसणे सोसायला जड जाते. तरीही रिकामी जागा अपराधाने भरण्यापेक्षा रिकामी ठेवलेली बरी, कारण वेदनेवर अपराधाची भर घालणारे आपणच असतो.

घरात कोणाच्या चेहऱ्यात अशी कळ येत असेल, तर दाढ काढण्याआधी मेंदू व मज्जातंतूंच्या डॉक्टरांना दाखवा. कार्बामाझेपिनसारख्या औषधाने अनेकांना आराम पडतो. आणि त्या माणसाला त्याच्या गेल्या जन्माबद्दल काही विचारू नका.