उशा किती घेता?

दिवा मालवा आणि पाठीवर आडवे व्हा. श्वास येतो तसा येऊ द्या, मोजू नका.

डोक्याखालची उशी जाणवू द्या. एकच आहे ना? हार्ट फेल्युअरची शंका आली की डॉक्टर आधी हेच विचारतात, उशा किती घेता? एकीच्या तीन झाल्या तरी घरात कोणाला पत्ता नसतो. आडवं झालं की पायांत उतरलेलं पाणी छातीकडे परततं, थकलेल्या हृदयाला ते पुढे ढकलणं झेपत नाही, आणि माणूस रात्री दोनला उठून खिडकीशी बसतो.

आता बसते व्हा. नडगीवर अंगठा दाबून ठेवा. दोन श्वास जाऊ द्या. उचला. पाणी साचलेल्या पायावर खळगा राहतो, मऊ कणकेत बोट रुतवल्यासारखा. (मोज्याचा वण सगळ्यांनाच पडतो, त्याला घाबरू नका.)

मन मानेकडे न्या. डॉक्टर पेशंटला 45 अंशांत टेकवतात, चेहरा जरा डावीकडे वळवतात आणि बघत राहतात. उजवीकडच्या शिरेतली लाट जितकी वर चढलेली, तितकं रक्त हृदयाच्या दाराशी तुंबलेलं. मला हीच तपासणी सगळ्यांत आवडते, कारण ती उरकता येत नाही.

मग स्टेथोस्कोप, ईसीजी, एक्स-रे. रक्तात एनटी-प्रोबीएनपी बघतात; ताणलेलं हृदय ते सोडतं. ओपीडीत चालत आलेल्या माणसात ते मिलिलिटरमागे 125 पिकोग्रॅमच्या खाली असेल, तर दम लागायचं कारण बहुधा दुसरीकडे शोधावं लागतं.

शेवटी एको. मूठ आवळा. डावा कप्पा असाच आवळतो आणि भरलेल्या रक्तातले शंभरातले साधारण साठ भाग बाहेर टाकतो. हा आकडा 40 किंवा त्याखाली आला, तर पकड ढिली झाली. आता मूठ सोडा, सावकाश. कित्येकांचा आकडा 50 च्या वर असतो, तरी जिना चढताना धाप लागते. त्यांचं हृदय आवळतं नीट, सैल मात्र पडत नाही. मग भरणार कसं? नुसत्या आकड्यावर ‘हार्ट नॉर्मल’ म्हणून त्यांना घरी पाठवणं चूक आहे.

मूठ तशीच उघडी राहू द्या. थोडा वेळ बसा.

घरातल्या थोरल्या माणसाच्या उशा वाढल्या असतील, तर ‘वय झालं’ म्हणू नका. किती वाढल्या ते डॉक्टरांना सांगा.