दहाव्या मृत्यूची अट

घाटातल्या एखाद्या ठरावीक वळणावर गाड्या पुन्हा पुन्हा कोसळू लागल्या, की आसपासच्या गावांत एक वाक्य हमखास ऐकू येते : 'ती जागाच वाईट आहे.' मग तिथे कुणी नारळ फोडतो, कुणी लिंबू उतरवून टाकतो, काही दिवसांनी शेंदूर लावलेला एक दगड उभा राहतो. शिकलेल्या माणसाला हे सगळे अडाणीपणाचे वाटते. मला मात्र त्यात आधी एक नेमके निरीक्षण दिसते. मरणारे दर वेळी वेगळे, गाड्या वेगळ्या, ऋतू वेगळे, पण जागा तीच, हे गावाने कागद-पेन्सिल न घेता ओळखलेले असते. केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक खात्याची व्याख्याही याहून फार वेगळे सांगत नाही. राष्ट्रीय महामार्गाच्या साधारण 500 मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले, किंवा दहा माणसे दगावली, तर तो पट्टा 'ब्लॅक स्पॉट' ठरतो. गाव कारण म्हणून भूत पुढे करते, खाते वळणाची त्रिज्या आणि उतार मोजते. मरण त्या जागेशी बांधलेले आहे, यावर मात्र दोघांचे एकमत आहे. आणि हे एकदा मान्य झाले, की एक प्रश्न टाळता येत नाही. त्या जागी उद्या जो माणूस मरेल, त्याच्या मृत्यूला दैव म्हणण्याचा अधिकार आपल्याला उरतो का? माझे उत्तर 'नाही' असे आहे, आणि ते देण्यासाठी आपल्या परंपरेबाहेर जाण्याची गरज नाही.

'वेळ भरली होती', 'आयुष्याची दोरी तेवढीच होती' ही वाक्ये शोकाच्या घरात बोलली जातात, तेव्हा ती पवित्र असतात. ज्या आईचा मुलगा गेला तिला ती तगवतात, तिच्यापाशी तर्कशास्त्र मांडत बसणे क्रूरपणाचे होईल. पण तेच वाक्य रस्ता बांधणाऱ्याच्या, त्याची देखभाल करणाऱ्याच्या किंवा त्यासाठी पैसे मंजूर करणाऱ्याच्या तोंडी आले, की त्याचा अर्थ बदलतो. तिथे ते सांत्वन राहत नाही, सुटका होते. सातारा जिल्ह्यातल्या खंबाटकी घाटात, पुण्याकडे येताना बोगद्यापुढे लागणारे एस वळण महाराष्ट्रात कुप्रसिद्ध आहे. एप्रिल 2018 मध्ये कर्नाटकातून आलेल्या मजुरांचा टेम्पो तिथे कोसळला आणि 18 जण गेले. कर्माचा सिद्धान्त तर व्यक्तीचा आहे, ज्याचे कर्म त्याचेच फळ. मग वर्षानुवर्षे, एकमेकांना न ओळखणाऱ्या, वेगवेगळ्या गावांच्या माणसांची प्रारब्धे त्याच वळणावर येऊन का संपतात? तिथे आता वळण टाळणाऱ्या नव्या बोगद्यांचे काम हाती घेतले गेले आहे. वाहने त्या वाटेने जायची थांबली आणि मृत्यू थांबले, तर ती प्रारब्धे गेली कुठे? 'दुसऱ्या वाटेने येतील' असे ज्याला म्हणायचे असेल त्याने दवाखाने आणि लसीही बंद कराव्यात. ते कुणी करत नाही, कारण आचरणात आपण सगळेच क्रियमाणावर, म्हणजे आज हाताने करायच्या कर्मावर, विश्वास ठेवतो.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत : अधिष्ठान, कर्ता, साधने, नाना प्रकारच्या क्रिया आणि पाचवे दैव. भाष्यकारांनी अधिष्ठानाचा अर्थ देह असा घेतला, तो त्यांच्या विवेचनाला धरूनच आहे. इथे महत्त्वाची आहे ती या मांडणीची शिस्त. दैव नाकारलेले नाही, पण ते एकटेही नाही. आधीच्या चार कारणांचा हिशेब झाल्यावाचून पाचव्याकडे बोट दाखवणे हे अर्धेच वाचन झाले. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या 'गीतारहस्या'त कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य यांवर स्वतंत्र प्रकरण आहे, आणि त्या ग्रंथाचा सगळा रोख माणसाला कर्माला प्रवृत्त करण्याकडे आहे. योगवासिष्ठाने तर दैवावर विसंबणाऱ्याची भीडच ठेवलेली नाही. तेव्हा 'नशिबात होते' ही आपल्या धर्माची शिकवण आहे, असे म्हणून कुणी फाइल बाजूला सारत असेल, तर तो धर्माचीही चुकीची साक्ष काढतो आहे.

1 जुलै 2023 च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर खासगी बस उलटून पेटली आणि 25 प्रवासी जळून गेले. त्यानंतर त्या ठिकाणी काही भाविकांनी महामृत्युंजयाचा जप केला, यंत्र पुरले, त्यावरून पोलिसांत गुन्हाही दाखल झाला. मृतांसाठी प्रार्थना करणाऱ्यांविषयी माझ्या मनात आदर आहे. पण पुढचे अपघात टळावेत म्हणून यंत्र पुरणे हे प्रार्थनेहून वेगळे आहे. ज्या कामाला माणसाचे हात पुरेसे आहेत, ते देवावर सोपवणे ही भक्ती कशी?

आता दुसरा आणि अधिक वजनदार आक्षेप. दोष रस्त्याचा नाही, चालवणाऱ्याचा आहे, असे म्हटले जाते. सरकारी अहवालही तेच सांगतात : 2022 मध्ये देशात 1,68,491 माणसे रस्त्यांवर मेली, आणि त्यांतल्या सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यूंपुढे कारण लिहिले आहे अतिवेग. हे खोटे नाही. पुण्याचा नवले पूल पाहा. कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडले की रस्ता काही किलोमीटर सलग उतरत जातो. डिझेल वाचवण्यासाठी काही ट्रकचालक गाडी न्यूट्रल करतात, काही जण तर इंजिनच बंद करतात. इंजिन बंद म्हणजे कंप्रेसर बंद. ब्रेकच्या टाकीत नवी हवा भरत नाही, आणि प्रत्येक वेळी पाय दाबला की असलेली हवा कमी होत जाते. स्टिअरिंग जड होते, सतत घासून लायनर तापतात आणि पकड सोडतात. गिअरने गाडी रोखून धरायचा मार्ग तर आधीच गेलेला. अशी वीस-तीस टनांची गाडी खाली येते ती नऱ्हे आणि वडगावच्या गर्दीत, जिथे सेवा रस्त्यावरून दुचाक्या आणि रिक्षा मुख्य रस्त्यात शिरत असतात. 20 नोव्हेंबर 2022 च्या रात्री एका ट्रकने तिथे चाळीसहून अधिक वाहने ठोकरली. नोव्हेंबर 2025 मध्ये त्याच परिसरात आठ जणांचा बळी गेला.

चालकाची चूक आहेच, आणि त्याला शिक्षाही व्हावी. पण आपल्या न्यायदर्शनाने कारण ओळखायची जी कसोटी दिली आहे, ती अन्वय (कारण असेल तिथे परिणाम) आणि व्यतिरेक (कारण नसेल तिथे परिणाम नाही), इथे लावून पाहावी. चालक बदलले तरी मरण तिथेच येते, हा अन्वय. असाच बेफिकीर चालक मराठवाड्यातल्या सपाट रस्त्यावर गाडी न्यूट्रल करतो तेव्हा गाडी फार तर हळूहळू थांबते, हा व्यतिरेक. म्हणजे चूक माणसाची, पण तिचे मृत्यूत रूपांतर करतो तो उतार आणि त्याच्या पायथ्याशी ठेवलेली गर्दी. सप्टेंबर 2022 मध्ये पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांची मोटार आदळली. वेग होता, मागे बसलेल्यांनी पट्टे लावलेले नव्हते, हे खरे. आणि पुलापाशी तीन मार्गिकांच्या दोन होत होत्या, पुलाचा काँक्रीटचा कठडा रस्त्यात पुढे आलेला होता, हेही तितकेच खरे. गुन्हा चालकावर नोंदवता येतो, कठड्यावर येत नाही. फिर्यादीच्या कागदात आरोपी म्हणून माणूसच लागतो, म्हणून आपली नजरही तिथेच थांबते. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात 198-अ हे कलम घातले आणि सदोष रस्त्यामुळे मृत्यू झाल्यास आराखडा करणारा, ठेकेदार आणि संबंधित यंत्रणा यांना एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली. रक्कम फार थोडी आहे. तरी रस्ता बांधणाराही कर्ता असतो, हे तत्त्व कायद्याने स्वीकारले.

मला यातली खरी नैतिक गोष्ट प्रमाणाची वाटते. झोपेची एक डुलकी, अंदाजाची एक चूक, पावसात जरा जास्त वेग, हे दोष आहेत, पण देहदंडाच्या लायकीचे नाहीत. कोणताही धर्म किंवा न्यायालय त्यांना ती शिक्षा देणार नाही. ती देते ती कठड्याविना असलेली दरी आणि दुभाजकातला उघडा खांब. स्वीडनच्या संसदेने 1997 मध्ये रस्त्यांचे धोरण याच विचारावर उभे केले : माणसे चुकणारच, तेव्हा रस्ता असा हवा की चुकीची किंमत जिवाने चुकवावी लागू नये. आपल्याकडे मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर 2016 मध्ये 151 माणसे मेली. त्यानंतर रस्ते विकास महामंडळ आणि सेव्हलाइफ फाउंडेशन ही स्वयंसेवी संस्था यांनी धोक्याच्या जागा शोधून कठडे बसवले, उघडे खांब झाकले, खुणा आणि फलक सुधारले, पोलिसांची देखरेखही वाढली. टाळेबंदीच्या आधीच, 2019 मध्ये, मृतांचा आकडा शंभराच्या आत आला होता. या मार्गाने प्रवास करणारे लोक तीन वर्षांत अचानक सद्गुणी झाले, असे कुणी म्हणणार नाही.

एक आक्षेप मात्र सूक्ष्म आहे, आणि तो घेणारे लोक सहसा प्रामाणिक असतात. ज्या जागी तीन वर्षांत अपघात फार झाले तीच जागा निवडली, तर पुढच्या तीन वर्षांत काहीही न करता आकडा थोडा उतरतोच, कारण त्या चढण्यात योगायोगाचाही वाटा असतो. म्हणजे सुधारणेचे श्रेय कधी कधी फुकटचे असते. हे बरोबर आहे. म्हणून दुरुस्तीचे फळ मोजताना दुरुस्ती न झालेल्या तशाच जागा शेजारी ठेवून पाहायला हव्यात, आणि काळही जास्त घ्यायला हवा. पण या आक्षेपातून दैववाद निघत नाही. योगायोगाचा वाटा किती, हे मोजता येते, म्हणजेच तो वजा करून उरलेले कारणही दिसते. उलट हा आक्षेप आपल्याला अधिक अवघड जागी नेतो. आकडा योगायोगाने चढतो तसा उतरतोही, म्हणजे आज यादीत नसलेले एखादे वळण यादीतल्याइतकेच घातक असू शकते, तिथे अजून पुरेशी माणसे मेली नाहीत इतकेच.

इथे व्याख्येतला दोष उघड होतो. पाच गंभीर अपघात किंवा दहा मृत्यू ही अट म्हणजे त्याआधीची मरणे हे पात्रतेचे गुण. पैसा मर्यादित आहे, सगळीकडे एकदम काम होणार नाही, कुठेतरी रेषा आखावी लागते, हे मान्य. सर्वांत घातक जागा आधी घ्याव्यात, हा क्रमही न्याय्य आहे. पण क्रम लावणे वेगळे आणि क्रम लागेपर्यंत डोळे मिटणे वेगळे. शिवाय ही मोजणी राष्ट्रीय महामार्गांच्या मापाने कापलेली आहे. 2022 च्या मृतांत दुचाकीवरचे सुमारे 44 टक्के आणि पायी चालणारे सुमारे 19 टक्के होते. गावाच्या फाट्यावर रात्री रस्ता ओलांडताना गेलेली बाई किंवा बाजाराहून सायकलवर परतणारा शेतमजूर हे एका पाचशे मीटरच्या पट्ट्यात गोळा होऊन मरत नाहीत. त्यांचे मरण पसरलेले असते, म्हणून ते यादीत येत नाही, आणि ज्याचे मरण यादीत येत नाही त्याच्या वाट्याला दैवच उरते. एरवी दैवावर फारशी श्रद्धा नसलेली यंत्रणाही त्याच्यापुरती दैववादी होते.

गीतेनेच अकर्मातही कर्म पाहायला सांगितले आहे. एखाद्या जागेची माहिती हाती आल्यावर काही न करणे हे तसे कर्म आहे, आणि त्याचे फळ दुसऱ्यांना भोगावे लागते. माहिती तर दहाव्या मृत्यूच्या कितीतरी आधी हाती असते. वाकलेला कठडा, डांबरावरच्या टायरच्या काळ्या रेघा, काचांचा चुरा, एकाच वळणावर पुन्हा पुन्हा बोलावली जाणारी 108 ची रुग्णवाहिका, हे सगळे मृत्यूआधीचे पुरावे आहेत. वळणावरच्या पंक्चरवाल्याला, क्रेनवाल्याला आणि महामार्ग पोलिसांच्या हवालदाराला ते तोंडपाठ असतात. कुणी मेले नाही अशा ठोकरी तालुक्यात एका वहीत लिहिल्या गेल्या, त्यात जागा, वेळ आणि काय मोडले एवढे जरी आले, आणि ती वही वर्षातून दोनदा रस्ता सांभाळणाऱ्या अभियंत्यापुढे उघडली गेली, तर पहिल्या माणसाचा जीव जायच्या आत त्या जागेवर कठडा, दिवा किंवा पट्टे येऊ शकतात.