दारूकोठाराचे स्थापत्य

दुर्गाचा तट, बुरूज, खंदक, जंग्या ही सारी बांधकामे बाहेरून येणाऱ्या शत्रूकडे तोंड करून उभी असतात. दारूकोठार ही मात्र एकच अशी वास्तू, की जिच्या कारागिराला ज्या मालाचे रक्षण करावयाचे त्याच मालाचे भय बाळगून दगडाचा प्रत्येक थर रचावा लागला, आणि म्हणूनच एखाद्या राज्याच्या शिस्तीचे मोजमाप त्याच्या सिंहासनाच्या चौथऱ्यापेक्षा या ओसाड, अंधाऱ्या खोलीत अधिक नेमके घेता येते, असे मला वाटते.

पनवेलच्या बंदरात उतरलेला माल बोरघाटाने देशावर जाई, त्या मार्गावर पहारा ठेवणारा कर्नाळा आम्हां पनवेलकरांच्या नित्य दृष्टीस पडतो. त्याच्या सुळक्याच्या पायथ्याशी खडकात कोरलेली टाकी आणि कोठ्या पाहिल्या म्हणजे गिरिदुर्गाला निसर्गाने केवढे बांधकाम आयते करून दिले आहे, हे ध्यानी येते. जलदुर्गाच्या वाट्याला हे भाग्य नाही. बेटाचे क्षेत्र बेताचे. सदर, शिबंदीची घरे, धान्याची अंबारे आणि दारू ही सारी एकाच तटाच्या कवेत. वर चार महिने पाऊस आणि बारा महिने खारा वारा. तोफेच्या दारूत सुमारे तीन चतुर्थांश सोरा असतो, उरलेला भाग कोळसा आणि गंधक यांचा. सोरा नीट शुद्ध झालेला नसला तर त्यातील इतर क्षार हवेतील ओल ओढून घेतात, आणि सर्द झालेली दारू ऐन प्रसंगी दगा देते. कोठार बंद ठेवावे तर ओल कोंडते, उघडे ठेवावे तर ठिणगीला वाट मिळते. हा पेच दगडाने सोडवावयाचा होता.

चौदाव्या लुईचा दुर्गरचनाकार व्होबाँ याच्या पद्धतीच्या कोठारांत तो फार चातुर्याने सोडविलेला दिसतो. तेथे झरोक्याच्या मार्गात, भिंतीच्या जाडीतच, एक दगडी ठोकळा सोडून हवेला दोन्ही अंगांनी वळसा घालावयास लावीत. वारा खेळे, पण ठिणगीला सरळ शिरकाव नसे. आपल्याकडील विचार निराळ्या अंगाने गेला, आणि तो मला अधिक मोलाचा वाटतो. सुमारे १७१५-१६ च्या, रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या आज्ञापत्रात दारूखान्याविषयी जो हुकूम आहे, त्यात जागा राहत्या घरांपासून दूर असावी, भोवती कुंपण असावे, तळघर करून त्यात गच्च करावा, माच घालून त्यावर दारूची मडकी ठेवावी, हे तर आहेच. परंतु त्याच दमात आठपंधरा दिवसांनी हवालदाराने जातीने येऊन दारू व बाण बाहेर काढावे, त्यांस ऊन द्यावे, पुन्हा आत ठेवून मुद्रा करावी, आणि पहारेकऱ्यांनी रात्रंदिवस जागत राहून परवानगीवाचून कोणास जवळ येऊ देऊ नये, असेही सांगितले आहे. म्हणजे झरोक्याने जे साधावयाचे ते येथे माणसाच्या नेमाने साधले आहे. चुना आणि दगड ही या वास्तूची निम्मी सामग्री. उरलेली निम्मी म्हणजे हवालदाराची हजेरी. पडक्या कोठारात आपल्याला पहिली निम्मी तेवढी दिसते, ही इतिहासाच्या अभ्यासकाची खरी अडचण आहे.

हर्णैसमोरच्या सुवर्णदुर्गात एक दगडी वास्तू दारूकोठार म्हणून दाखवितात. या दुर्गावर एप्रिल १७५५ मध्ये तुळाजी आंग्र्यांविरुद्ध पेशव्यांच्या साहाय्यास आलेल्या इंग्रजांच्या कमोडोर जेम्सने ‘प्रोटेक्टर’ या जहाजावरून मारा केला, तेव्हा एक गोळा आतल्या गवताने शाकारलेल्या घरावर पडून आग लागली, ती विझविण्यास कोणी धजेना, आणि पसरत पसरत ज्वाळा दारूच्या साठ्यापर्यंत पोहोचून स्फोट झाला. समुद्राच्या लाटा सोसणारा तट अभेद्य राहिला असता तरी गवताच्या छपराने घात केला. कोठार घरांपासून दूर असावे, हे मराठी लेखणीने लिहून तोवर चाळीस वर्षे होत आली होती. तो विजय आंग्र्यांच्या आरमाराच्या नाशाचा आरंभ ठरला आणि त्यात पेशव्यांचे सहकार्य होते, हे स्मरले की मन विषण्ण होते. जेम्सच्या मृत्यूनंतर त्याच्या पत्नीने १७८४ मध्ये लंडनजवळच्या शूटर्स हिल या टेकडीवर या विजयाच्या स्मरणार्थ त्रिकोणी बुरूज बांधविला. सुवर्णदुर्गाचेच नाव इंग्रजी उच्चारात धारण करून तो आजही सुस्थितीत उभा आहे.

दारूजवळ जळाऊ माल ठेवण्याची ही चूक जुन्या काळाबरोबर संपली, असे मात्र समजू नये. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाला आग लागून जे दोन महास्फोट झाले, त्या जहाजात सुमारे चौदाशे टन स्फोटक द्रव्यांच्या सान्निध्यात कापसाच्या गासड्या भरलेल्या होत्या. शास्त्र पुढे गेले होते. गवताच्या जागी कापूस आला होता, आणि अंतराचा नियम पुन्हा एकदा सोयीपुढे नमला होता.

म्हणून कोकणच्या दुर्गांतील कोठारांचे वर्णन करताना भिंतीची लांबीरुंदी नोंदवून थांबणे मला अपुरे वाटते. झरोका कोणत्या दिशेस आहे व तो सरळ आहे की वळणाचा, जमिनीवरील गच्च किती जाड आहे, माच टेकविण्याच्या खाचा भिंतीत आहेत काय, आणि मुख्य म्हणजे सर्वांत जवळच्या राहत्या घराचे जोते तेथून किती हातांवर आहे, एवढे तरी प्रत्येक दुर्गावर मोजले जावे. जोती आता झपाट्याने ढासळत आहेत, आणि ते अंतर त्यांच्याखेरीज दुसऱ्या कशावरूनही काढता येणार नाही.