कर्ता कोण?
एप्रिल २०११ मध्ये अ‍ॅमेझॉनवर माशीच्या गर्भवाढीवरच्या एका पुस्तकाची किंमत २ कोटी ३० लाख डॉलरच्याही वर गेली. एका विक्रेत्याचा प्रोग्राम दुसऱ्याच्या किमतीला १.२७ ने गुणायचा, दुसऱ्याचा त्याच्या जरासा खाली राहायचा. असं रोज चाललं. हा आकडा कोणाच्याच मनात नव्हता, मग तो केला कोणी? गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणं सांगितली आहेत, आणि त्यात कर्ता वेगळा, करण म्हणजे साधन वेगळं. भाव लावणारा, माल मागवणारा प्रोग्राम मला करणच वाटतो. तो क्षणोक्षणी स्वतः ठरवतो, हा आक्षेप खराच. पण कमाल मर्यादा न घालता त्याला मोकळं सोडणं हीही माणसाचीच कृती. उद्या औषधांची ऑर्डर अडली, तर 'सिस्टिमनं केलं' एवढं म्हणून कोणाला सुटता येऊ नये. त्या पुस्तकाची किंमतही शेवटी कोणाच्या तरी लक्षात आल्यावरच १०६ डॉलरवर आली.