आस्वादाचे उत्तरदायित्व

रुचीविषयी वाद घालू नये, अशा अर्थाचे एक जुने लॅटिन वचन आहे. आपल्याकडेही ‘ज्याची त्याची आवड’ असे म्हणून अनेक चर्चा आटोपत्या घेतल्या जातात. हे उद्गार वरकरणी सहिष्णुतेचे वाटतात. परंतु त्यांच्या मुळाशी एक गृहीतक असते. आवड ही आवडणाऱ्यापुरतीच असते, ती चुकू शकत नाही, आणि तिच्यामुळे इतर कोणाचे काही बिघडत नाही, हे ते गृहीतक होय. ते तपासून पाहण्यासाठी साहित्यकृतीपर्यंत जाण्याची गरज नाही. सफरचंदासारखे साधे फळ पुरेसे आहे.

माझ्या पिढीतील मराठी माणसाला सफरचंद प्रथम भेटले ते बहुधा आजाऱ्याच्या उशाशी. ते एकाच प्रकारचे असे: लाल. सफरचंदांनाही वाण असतात, हे मला पुष्कळ उशिरा कळले. एका ऑक्टोबरात सिमल्याच्या पलीकडे कोटगढच्या परिसरात जाण्याचा योग आला. तेथील एका वृद्ध बागायतदाराने चार फळांच्या फोडी माझ्यापुढे ठेवल्या आणि डोळे मिटून चाखायला सांगितले. पहिल्या खेपेस मला ‘गोड’ आणि ‘आंबट’ एवढे दोनच शब्द सुचले. दुसऱ्या खेपेस त्याने क्रम बदलला. आंबट ग्रॅनी स्मिथनंतर खाल्लेले गोल्डन डिलिशस मधासारखे लागले. तेच आधी खाल्ले तेव्हा नुसते मवाळ वाटले होते. मग त्याने साल वेगळी आणि गर वेगळा चावायला लावला. काश्मीरच्या अंबरीचा सुगंध जिभेवर नव्हे, तर घास गिळल्यानंतर जाणवला. डोळे उघडले तेव्हा कळले, की पाहून मी जे लालभडक फळ सर्वप्रथम उचलले असते, त्याला चाखताना मी शेवटचे स्थान दिले होते.

या प्रसंगाने मला माझ्या आवडीविषयी साशंक केले. ती खरोखर माझी होती, की बाजाराने माझ्या डोळ्यांना लावलेली सवय होती? डेव्हिड ह्यूमने १७५७ साली प्रसिद्ध केलेल्या रुचीविषयक निबंधात ‘डॉन किहोटे’मधील एक कथा घेतली आहे. सँचोच्या दोन नातलगांपैकी एकाला मद्यात चामड्याची, तर दुसऱ्याला लोखंडाची चव लागते. लोक हसतात. पिंप रिकामे होते, तेव्हा तळाशी चामड्याची वादी बांधलेली किल्ली सापडते. रुची व्यक्तिगत असली, तरी ती कशाची तरी रुची असते. तिच्या समोर एक वस्तू असते, आणि त्या वस्तूशी आपण न्यायाने किंवा अन्यायाने वागू शकतो. भरताने रस समजावून देताना अन्नाचा दृष्टान्त घेतला आणि भोक्ता ‘सुमनस्’ असावा असे म्हटले. आस्वादाची पात्रता केवळ जिभेत नसून मनाच्या सिद्धतेत असते, असा त्याचा मला जाणवणारा आशय आहे.

पण प्रश्न येथे संपत नाही. तो येथून नैतिक होतो. डिलिशस हे वाण मुळात अमेरिकेतील आयोवा राज्यात जेसी हायट याच्या बागेत आपोआप उगवलेले. १८९० च्या दशकात मिसूरीच्या स्टार्क बंधूंनी ते निवडले ते चवीसाठी. नावच तसे ठेवले. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सॅम्युअल स्टोक्स यांनी ते कोटगढला आणले. पुढे अमेरिकेत या वाणाच्या ज्या फांद्यांवर फळ अधिक लाल आणि लवकर लाल होई, त्यांचीच कलमे पुनःपुन्हा निवडली गेली. रंग वाढत गेला, साल जाड झाली, चव मागे पडली. हे कोणी कपटाने केले नाही. ग्राहकाने डोळ्यांनी निवडले आणि झाडाने आज्ञा पाळली. २०१८ मध्ये अमेरिकेतील उत्पादनाचे पहिले स्थान गाला या वाणाकडे गेले. तोवर एका उत्तम फळाचे केवळ नाव चविष्ट उरले होते.

सफरचंदाच्या बीपासून आईसारखे झाड येत नाही. वाण टिकते ते कलमाने, म्हणजे ते टिकावे असे कोणाला तरी वाटल्यामुळे. ज्याचा वेगळेपणा ओळखणारे उरले नाहीत, त्याचे कलम कोणी बांधत नाही. म्हणून ‘ज्याची त्याची आवड’ हे वाक्य अपुरे आहे. माझी आवड माझी असते. तिचे परिणाम माझे एकट्याचे नसतात.

या विचारात एक धोका आहे, हे मान्य केले पाहिजे. सूक्ष्म रुचीचा अहंकार फार लवकर जडतो. लाल फळांच्या पैशावर ज्या डोंगरी कुटुंबांनी मुले शिकवली, त्यांना अभिरुचीचा उपदेश करण्याचा अधिकार मला नाही. मी हे बोलून दाखवले, तेव्हा तो बागायतदार हसला. त्याची निम्म्याहून अधिक बाग लाल रॉयलचीच होती. त्या झाडांमध्ये ठिकठिकाणी गोल्डन लावलेले होते; कारण रॉयलला चांगले फळ धरण्यासाठी दुसऱ्या वाणाचे पराग लागतात. एकच वाण लावणाऱ्याची बाग फुलते, पण भरत नाही, असे तो म्हणाला.

तुलना म्हणजे क्रमांक लावणे नव्हे. एका फळाने दुसऱ्याची चव उलगडून दाखवावी, यासाठी दोन्ही जवळ ठेवणे म्हणजे तुलना. समीक्षेच्या व्यवसायात आयुष्य घालवूनही मी अनेकदा क्रमांकच लावत आलो, हे त्या बागेत चार फोडींसमोर बसलो असता माझ्या ध्यानात आले.